भगवानरावांचा मणका आणि संस्कृतीचा पाय

सत्यशीला रागीट आहे, हे गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. चौसाळ्याहून आत वळलं की जे गाव लागतं, तिथल्या अंगणवाडीची ती ताई. माहेर चकलांब्याचं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने आल्यागेल्याला कौतुकाने सांगितलं होतं की आमची सून म्हणजे अगदी गरीब गाय. सासू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, पण ते वाक्य तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही.

तिच्या रागाची एक रीत आहे. वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही, आवाज चढत नाही. ‘आबा’, ‘मामा’, ‘आत्याबाई’ करतच ती बोलते आणि तिचं बोलून झालं की समोरच्याला पाणी मागावं लागतं. एकदा लेकरांच्या खिचडीची डाळ किडकी आली. डाळ घेऊन आलेल्या माणसापुढे तिने पाट मांडला, ताटात तीच डाळ शिजवून वाढली आणि म्हणाली, "बसा मामा, जेवून जावा." मामा काही जेवले नाहीत. डाळ बदलून आली.

लेकरांवर मात्र ती चिडत नाही. वजनकाट्यावर बसवलेलं लेकरू काट्यावरच मुतलं, तरी ती फडकं घेऊन हसतच पुसते. तिचं म्हणणं असं की एवढ्याशा माणसांनी अजून कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं. राग ठेवायचा तर मोठ्यांसाठी ठेवावा, तिथे तो कमीच पडतो.

गेल्या हिवाळ्यात तिला तो किती कमी पडतो, ते कळलं.

त्या महिन्याला अंगणवाडीत ‘माझं शरीर’ हा विषय होता. नाक-डोळे झाले, हात-पाय झाले, मग हाडं आली. वरून हाडांचा एक तक्ता आला होता. त्यात दात विचकून उभा असलेला सांगाडा होता. मदतनीस बायनाबाईने तो उलगडला आणि तसाच गुंडाळला. "ताई, हे मसनातलं कावून आनलं? भिंतीला लावलं तर मी सैपाक न्हाई करनार हितं." बायनाबाईची खिचडी गेली असती तर लेकरंही गेली असती, म्हणून तक्ता कपाटावर गेला. सत्यशीलाने शेतातून ज्वारीची वाळलेली धाटं आणवली.

"हाडं कुठं असत्यात रे?" तिने विचारलं.

"बकऱ्यात!" "कोंबडीत!" "मसनात!" लेकरं एका सुरात ओरडली.

"आन तुमच्यात?"

मग माळकऱ्यांच्या घरातलं एक शेंडेफळ, गळ्यात इवलीशी तुळशीची माळ, उठून उभं राहिलं आणि ठासून म्हणालं, "बाई, आमच्यात न्हाईत हाडं. आमी माळकरी हाव."

सत्यशीलाने त्याचं कोपर धरून त्याच्याच दुसऱ्या हातात दिलं. "मंग हे टणक काय हाय?"

"हे कोपर हाय," तो म्हणाला. बाईंना एवढंही कळू नये याचं त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

तिने वाद घातला नाही. अंगद नावाच्या पोराला फरशीवर उताणा निजवला, त्याच्या कडेकडेने खडूने रेघ ओढली आणि उठवलं. फरशीवर अंगदच्या मापाचं एक रिकामं पोरगं उरलं. त्यात लेकरांनी धाटं मांडायला घेतली. मांडीत लांब धाट, दंडात आखूड, बोटांना बारीक बारीक तुकडे. धाट नसतं तर अंगद कसा दिसला असता, असं तिने विचारलं, तेव्हा एक पोरगी म्हणाली, "वल्या चादरीवानी." सगळी हसली. मग प्रत्येकाने आपापली हाडं चाचपली. बरगड्यांना हात लावताना गुदगुल्या झाल्या. गुडघ्याची वाटी हलते म्हणून आरडाओरडा झाला. अंगणवाडीत असा दिवस वर्षातून एखादाच येतो आणि सत्यशीला त्या दिवशी घरी जाताना गाणं गुणगुणते.

"आता म्होरच्याच्या पाठीवर मधोमध बोट फिरवा. गाठी लागत्यात का? त्यांना मणके म्हनायचं. त्यांच्यामुळं आपून ताठ उभं राहतो."

"बाई," अंगद म्हणाला, "भगवानआबांचा ह्योच मोडला. संस्कृतीनं मोडला. लाथ मारून."

त्याने ते वाईटपणाने सांगितलं नव्हतं. घरी ऐकलं ते सांगितलं. पण सगळी लेकरं एकदम संस्कृतीकडे बघायला लागली.

पाच वर्षांची ही पोर कोपऱ्यात बसली होती. उजवा पाय तिने फ्रॉकखाली घेऊन त्यावर बसकण मारली होती. तिने मान खाली घातली आणि फ्रॉक आणखी खाली ओढला.

गाव ज्याला भगवानरावांचा अपघात म्हणतं, तो असा होता. भगवानराव म्हणजे गावचे पुढारी. जमीन बागायती, बोलणं गोड, आणि यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट मिळावं ही जिवाची आस. एका मोठ्या नेत्याचा दौरा गावावरून जाणार होता. हल्ली पुढाऱ्यावर फुलं टाकायची तर हाताने टाकून भागत नाही, जेसीबी लागतो. एरवी त्याच्या बकेटात पोरंसोरं चढतात. पण भगवानराव म्हणाले, फुलं मीच टाकणार. का, तर फोटोत आपण वर दिसू. बकेट वर गेलं, गाडी आली, आबा पाकळ्यांची पाटी घेऊन वाकले आणि पाकळ्यांच्या आधीच खाली पोचले.

ते पडले आणि उठले. नेत्याकडे बघून हातही हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर पडतानाचा व्हिडिओ वडवणीपर्यंत पोचलेला होता. आता माणसाने काय करावं? दवाखाना गाठावा. पण दवाखान्यात जाणं म्हणजे आपण पडलो हे कबूल करणं. त्यापेक्षा आबांनी सगळ्यांना सांगितलं, "काय झालं न्हाई. पाठीत उसण भरली जराशी." आणि उसण भरली म्हटल्यावर तिच्यावरचा इलाज गावातच होता.

आईच्या पोटातून जे मूल डोक्याऐवजी पायाकडून बाहेर येतं, ते पायाळू. पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. गावात सध्या पायाळू एकच, ती म्हणजे संस्कृती. आईबाप उसाच्या फडावर गेलेले, पोर आजीजवळ. आजी केसरबाई. सकाळी सकाळी कुणी ना कुणी कंबर धरून केसरबाईच्या अंगणात यायचं आणि पालथं पडायचं. आजी झोपेतल्या पोरीला उठवून आणायची. तोंड न धुतलेली, डोळ्यांत चिपडं असलेली ती पोर मोठ्या माणसाच्या पाठीवर लाथा मारायची आणि बिस्किटाचा पुडा घेऊन पुन्हा झोपायची. तिला यात मजाच वाटायची. एवढी मोठमोठी माणसं आपल्यापुढे लोळण घेतात, म्हटल्यावर कुणाला नाही वाटणार?

सत्यशीलाने यावरून केसरबाईशी आधीच एकदा भांडण केलं होतं. "आत्याबाई, लेकराच्या पायात औषध असतं तर सरकारनं दवाखाने कशाला बांधले असते?" केसरबाई म्हणाली होती, "देवाचं देणं हाय ते. तुला काय कळतंय, तू तर डोक्याकडून आलेली." तिथे ते भांडण संपलं होतं.

भगवानरावांना गाडीत घालून केसरबाईच्या अंगणात आणलं. लाथा बसल्या. त्यानंतर आबांना उठता येईना. उचलून बीडला नेलं. फोटो काढला तर मणका मोडलेला. डॉक्टरांनी विचारलं, वरून काही दाबलं, चोळलं का? आबांचा मुलगा अमरसिंह म्हणाला, पायाळू पोरीने लाथा मारल्या. झालं. गाडी गावात परत यायच्या आत बातमी आली की पोरीने आबांचा मणका मोडला.

ही बातमी सगळ्यांच्या सोयीची होती, याचाच सत्यशीलाला संताप. जेसीबीला दोष द्यावा तर नेत्याच्या स्वागताला गालबोट. आबांना द्यावा तर आबांच्या तिकिटाला. उसण उतरवायला आबांना पोरीकडे न्या म्हणणाऱ्या शहाण्यांना द्यावा, तर ते गावातले निम्मे. मग उरलं कोण? ज्याला उलटून बोलता येत नाही ते पाच वर्षांचं लेकरू. गावाने दोष उचलला आणि सगळ्यांत हलक्या डोक्यावर ठेवून दिला. तो उतरवायला कुणी आलं नाही.

सत्यशीलाला हे सगळं ऐकून माहीत होतं. पण मोठ्यांच्या चावडीवरचं बोलणं लेकरापर्यंत पोचलं असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. आता लेकरं जेवायला बसल्यावर तिने बायनाबाईला विचारलं, "हिचा पाय असा कावून हाय?"

"लंगडतीया चार दिस. मला वाटलं काटा मोडला."

सत्यशीलाने पोरीला जवळ घेतलं. पाय बघितला, काटा नाही, सूज नाही. दाबून बघितला, पोर हूं का चूं करेना. मग तिने तिला उभं केलं. पोर एका पायावर उभी राहिली, बाईंचा खांदा धरून.

"टेकव की पाय."

मान हलली. न्हाई.

"दुखतो का?"

न्हाई.

"मंग?"

संस्कृतीने इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंच्या अगदी तोंडाजवळ येऊन विचारलं, "बाई, जमिनीला हाडं असत्यात का?"

सत्यशीलाला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगाचा भडका उडाला. ती पोर पाय टेकवत नव्हती, कारण टेकवला तर खालचं काहीतरी मोडेल अशी तिला भीती होती. फरशी, अंगण, रस्ता. जे काय खाली असेल ते.

"न्हाईत गं माझे माय," ती म्हणाली. "जमिनीला हाडं नसत्यात." पोरीने ऐकलं, पण पाय वरच ठेवला. आबांना हाडं आहेत, हेही तिला कुणी लाथ मारायच्या आधी सांगितलेलं नव्हतं.

"मला तर गुण आलता बाई हिच्या पायाचा," बायनाबाई पातेलं घासता घासता म्हणाली.

"बायनाबाई, आज तुमी माझ्याशी बोलू नका."

अंगणवाडी सुटल्यावर ती पोरीला कडेवर घेऊन थेट केसरबाईकडे गेली. केसरबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्या अंगणात आता सकाळी कुणी येत नव्हतं आणि येता-जाता बायका तिच्याशी आखडून बोलत होत्या.

"आत्याबाई, पोरीला काय सांगितलं तुमी?"

"काय सांगनार? म्हनलं, त्या पायानं आता कुनाला शिवू नको बाई. लई झालं."

"ती भुईलाबी शिवंना गेली!"

केसरबाईने पोरीकडे पाहिलं, मग पदराचा बोळा तोंडात घालून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "मी सांगून काय व्हतंय सत्यशीला? गावानं ठरवलंय. आबा एकदा म्हनले न की पोरीनं न्हाई मोडलं, तर गाव ऐकंल. ते म्हनत न्हाईत."

रागावलेल्या सत्यशीलालाही हे मान्य करावं लागलं. ती म्हातारीवर ओरडायला आली होती आणि तिला पाणी पाजून परत निघाली.

भगवानरावांच्या घरी ती दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. आबा बाहेरच्या खोलीत खाटेवर पडले होते, कमरेला पट्टा. नात्याने ते तिचे चुलत सासरे. ती पदर सारखा करून दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"ये सूनबाई. बस."

"बसत न्हाई आबा. तब्येत कशी हाय?"

"हाय आता. पडून राहायचं म्हनत्यात डागदर."

तिने सगळं सांगितलं. पाय, फरशी, जमिनीची हाडं. आबांनी ऐकून घेतलं, मोठ्या मनाने हसले. "अगं लेकरू हाय ते. चार दिसात इसरंल."

"पाय टाकायचा इसरलीय आबा. तुमचा मणका न्हाई इसरली." ती म्हणाली, "तुमी एकदा तिच्याम्होरं म्हना, तुझ्यामुळं न्हाई मोडला. दुसरं काय मागत न्हाई."

आबांचं हसू जरा कमी झालं. "तोंडावर इलेक्शन हाय. त्यो व्हिडिओ आधीच लोक बघून हसू लागलेत. आता मीच म्हनू का, व्हय, जेसीबीवरनं पडलो आन कंबरडं मोडलं? कोन देईल मला तिकीट?"

अमरसिंह आतून चहा घेऊन आला. तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "ताई, त्या पोरीला कुनी काय बोललंय का? हात लावलाय का? आमी तर केसबी केली न्हाई."

केसबी केली न्हाई! पाच वर्षांच्या लेकरावर केस केली नाही, हा आबांच्या घराण्याचा मोठेपणा. सत्यशीलाच्या तोंडाशी इतकं काही आलं की त्यातलं आधी काय बोलावं हेच तिला ठरवता येईना. "लई उपकार झाले," एवढंच ती म्हणाली आणि चहा न घेता निघाली. रस्त्याने जाताना ती स्वतःशीच बोलत होती आणि समोरून येणाऱ्या दोन बायका बाजूला झाल्या.

घरी नवऱ्याने, राधाकिशनने, तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. "आपल्याला गावात राहायचंय." ती म्हणाली, "तिलाबी राहायचंय. अन तिला चालत राहायचंय." राधाकिशनने टीव्हीचा आवाज वाढवला. तो बिचारा वाईट नाही, पण भांडणाच्या वेळी त्याला नेहमी काहीतरी महत्त्वाचं बघायचं असतं.

अंगणवाडीच्या कामात परिसर भेट नावाचा एक प्रकार असतो. लेकरांना पोस्ट दाखवायचं, पिठाची गिरणी दाखवायची, कुंभाराचं चाक दाखवायचं. सत्यशीलाने दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरांची नाकं पुसली, एकमेकांचे सदरे धरायला लावले आणि म्हणाली, "चला, परिसर भेट. आपून मोडलेलं हाड बघायला जायचं."

"ताई, नोकरी जाईल तुमची," बायनाबाई म्हणाली.

"तुमी संस्कृतीला कडेवर घ्या."

बायनाबाईने घेतलं. दोन दिवस बोलणं बंद असल्यामुळे ती तशीही पडेल ते करायला तयार होती.

भगवानरावांकडे त्या वेळी तब्येत विचारायला आलेली बरीच मंडळी बसली होती. वडवणीकडचे एक पाहुणे होते, सोसायटीचे दोघे-तिघे होते. दारातून लेकरांची रांग आत येताना पाहून आबांचा चेहरा उजळला. अमरसिंह तर मोबाईल घेऊन उठलाच. चिमुकल्यांनी घेतली आबांची भेट, असा व्हिडिओ टाकला की मागचा व्हिडिओ लोक विसरतील, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. लेकरांना पुढे बसवलं, मोबाईल सरळ धरला.

"आबा," सत्यशीला पदर सारखा करत म्हणाली, "लेकरं हाडं शिकायलीत. तुमचा फोटो बघायचाय त्यांना. बीडला काढला त्यो."

पाहुण्यांनी वाहवा केली. आबांनीच उशाखालून मोठा लखोटा काढून दिला. सत्यशीलाने खिडकीच्या उजेडात तो काळा फोटो धरला आणि लेकरं एकमेकांच्या अंगावरून त्यावर तुटून पडली. पांढऱ्या गाठींची माळ, दोन्ही बाजूंना बरगड्या, आणि मध्ये एक गाठ चेपून वाकडी झालेली.

माळकऱ्यांचं शेंडेफळ बराच वेळ फोटोकडे आणि मग आबांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघत राहिलं. "आबा, तुमी माळकरी ना?"

"व्हय बाळा."

"तरी तुमच्यात हाडं हायेत?"

सगळे हसले. आबाही हसायला गेले आणि कळ येऊन थांबले. ते पोरगं मात्र हसलं नाही. ते आपलं कोपर हळूच चाचपत मागे जाऊन बसलं.

"आबा, ह्यो मोडला कसा?" अंगदने विचारलं.

आबांनी सत्यशीलाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत उभी होती, सुनेने उभं राहावं तशी. अमरसिंहने मोबाईल खाली घ्यायला हात हलवला.

"धरा की भाऊजी," सत्यशीला म्हणाली. "लेकरं इचारत्यात. आबा सांगतील."

"पडलो रे," आबा म्हणाले.

"कुठून?"

"ते... जेसीबीवरनं."

"आमी मोबाईलवर बघितलंय!" दोन-तीन पोरं ओरडली.

"मंग तवाच मोडला?" अंगदने विचारलं. "संस्कृतीनं न्हाई मोडला?"

आबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मुलाच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. खरं बोलायला माणसाला एवढा वेळ का लागावा, हे सत्यशीलाला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "न्हाई. तिनं न्हाई मोडला. आधीच मोडलेला हुता."

सत्यशीला फोटो लखोट्यात घालायला लागली. आणि तेवढ्यात वडवणीचे पाहुणे मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी पोरीचा गुण शाबूत हाय म्हना की! बरं झालं. माझ्याबी कमरेत चमक भरलीय दोन दिस. ए बाळ, ये गं हिकडं."

हा माणूस आताच मोडलेल्या मणक्याचा फोटो बघून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्यांसमोर सत्यशीलाचा आवाज चढणार होता. पदरही खांद्यावर घसरला होता आणि तो सावरायचं तिला भान नव्हतं.

पण तिच्याआधी संस्कृती बोलली. बायनाबाईच्या कडेवरूनच. पाहुण्यांकडे तिने बघितलंही नाही.

"आबा, मी लाथ मारली तवा तुमाला दुखलं का?"

"थोडं दुखलं," आबा म्हणाले.

पोर त्यांच्याकडे बघत राहिली.

"लई दुखलं, पोरी."

"पर तुमी तर म्हनले, आनखी मार. जोरात मार."

आबांनी पट्ट्यावरून हात फिरवला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "समदे उभे हुते ना तितं. बघत हुते."

संस्कृती बायनाबाईच्या कडेवरून सरकत खाली आली. दोन्ही पायांवर चालत ती खाटेपर्यंत गेली.

"मंग माझ्या कानात सांगायचं ना," ती म्हणाली. "मी थांबले असते."